पेन्शनवर जगतोय, वसुलीवाले दारात येऊन बसतात. काय करावं?

ओसरीवरचे_काका

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं गुडघेदुखी आणि कुंडीतल्या भाजीच्या धाग्यांवर गुपचूप वाचून जाणारा माणूस, लिहायची वेळ पहिल्यांदाच आलीय, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ६७. जिल्हा परिषदेतून वरिष्ठ सहाय्यक म्हणून ५८ ला रिटायर झालो. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी वडिलार्जित घर आहे, तिथं मी आणि आमची ही. पेन्शन विक्रीचं वजा जाऊन हातात २७ हजार आणि वर काही शे, ती पण ५ ला पडते का १२ ला ते पंचायत समितीलाच ठाऊक. हिची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय, गोळ्यांनाच महिना ४ हजार जातात.

थोरल्याने मोबाईल शॉपी टाकली तेव्हा एका फायनान्स कंपनीकडून ६ लाख घेतले, ४ वर्षं मुदत, हप्ता १७,६००. त्याचं एकट्याचं उत्पन्न पुरत नव्हतं म्हणून मी आणि ही को-ॲप्लिकंट, म्हणजे सहकर्जदार. कंपनीचा पोरगा घरी येऊन सह्या घेऊन गेला, काका नुसती फॉर्मॅलिटी आहे म्हणाला, पाच कोरे चेक पण माझे घेतले. आता हसू नका, आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासले आणि स्वतःच्या वेळी चष्मा खिशातच राहिला. २० हप्ते वेळेवर गेले. मग रस्ता रुंदीकरणात दुकानाचा पुढचा भाग गेला, सहा महिने समोर नुसता खड्डा, गिऱ्हाईक येणार कुठून. पोरगा आता चाकणला कॉन्ट्रॅक्टवर आहे, १६ हजार मिळतात. पाच हप्ते थकलेत. मी मधे मधे ३ हजार, ५ हजार असं जे जमेल ते वसुलीवाल्याच्या हातात देत आलोय.

फोन सकाळी सव्वासातपासून सुरू होतात. शेजारच्या किराणावाल्याला फोन, माझ्या साडूला फोन, हिच्या भजनी मंडळातल्या बाईला फोन. नंबर कुठून मिळाले देव जाणे.

परवा मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, हिचं उद्यापन. घट मांडलेला, सात सवाष्ण्या आलेल्या, आत आरती चाललेली. संध्याकाळी साडेसातच्या पुढं दारात पल्सर थांबली, दोघं उतरले. एक जण चपलेसकट ओसरीवर बाकड्यावर बसला, दुसरा मोबाईल धरून शूटिंग घेत उभा. पाणी मागितलं. ही तांब्या-भांडं घेऊन बाहेर आली, हाताला हळद-कुंकू तसंच. त्यानं पाणी प्यायलं, भांडं खाली ठेवलं आणि आतल्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "काकू, एवढ्या बायकांना पुरणपोळी घालताय, आमचे हप्ते तेवढे राहिले होय? गळ्यातलं मोडा की, दीड लाख तर सहज येतील." बायका एकेक करून उठल्या, कुणी ओटी घेतली कुणी तशीच गेली. पोळ्या ताटात तशाच. त्या दिवसापासून ही ओसरीवर येत नाही, गेटचा आवाज आला की आतल्या खोलीत जाते.

जाताना तो मला म्हणाला की काका पेन्शन येतेय ना, ती थेट बँकेतून वळती करून घेऊ, नाहीतर पुढच्या वेळी पोलीस घेऊन येतो आणि घरावर कंपनीची पाटी लावतो. हे खरंच करता येतं का? मला कर्ज बुडवायचं नाही हो. फक्त १७,६०० आता शक्य नाही, आणि हे असलं दारात पुन्हा नको.

रोखठोक_७७

कुणाला आवडणार नाही पण बोलतो. सही केली तेव्हा कर्ज तुमचंच झालं. घेताना गोड, देताना कडू असं सगळ्यांचंच असतं. त्या एजंटला पण घर आहे, टार्गेट आहे. मुलाची गाडी बिडी असेल तर विका आणि मोकळे व्हा, इथं विचारून हप्ता कमी होणार नाही.

शाखेतला_माणूस

रोखठोक, फेडायचं नाही असं काकांनी कुठं म्हटलंय? पूर्ण वाचत चला.

काका, मी ३४ वर्षं सरकारी बँकेत होतो, शेवटची सात शाखाधिकारी म्हणून, वसुलीच्या मीटिंगा मी पण घेतल्यात. तेव्हा दुसऱ्या बाजूने सांगतो. पहिली गोष्ट, तो एजंट तुमचा कुणी नाही. तुमचा करार कंपनीशी आहे आणि एजंटनं जे केलं त्याची जबाबदारी कंपनीची आहे, असं रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट लिहून ठेवलंय. १२ ऑगस्ट २०२२ ला तसं परिपत्रकच काढलं होतं, बँका आणि फायनान्स कंपन्या दोघांना लागू. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी नाही, चारचौघांत अपमान नाही, घरच्यांच्या, मित्रांच्या, ओळखीच्यांच्या खाजगीपणात शिरायचं नाही, मोबाईलवर किंवा सोशल मीडियावर वेडेवाकडे मेसेज नाहीत, खोटी माहिती सांगून घाबरवायचं नाही. आता तुमचा तो गुरुवार घ्या आणि एकेक वाक्य यावर ठेवून बघा. त्या माणसानं दहा मिनिटांत जवळजवळ सगळं मोडलंय.

काय करायचं तर कंपनीच्या वेबसाईटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो, असावाच लागतो. त्याला लिहा. रडगाणं नको, तारीख, वेळ, गाडीचा नंबर असेल तर तो, काय बोलला ते त्याच्याच शब्दांत, घरात कोण कोण होतं. तोच कागद सहीनिशी पोस्टानं पोचपावतीसह पण पाठवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, ऑनलाईन, फी काही नाही, वकील लागत नाही. १४४४८ वर फोन करून मराठीत पण माहिती मिळते. थेट लोकपालाकडे गेलात तर अर्ज परत येईल, आधी कंपनीकडेच जावं लागतं, ही चूक खूप लोक करतात. मनस्तापासाठी वेगळी भरपाई देण्याचा अधिकार त्यांना आहे. मिळेलच असं नाही, पण कंपनीला लोकपालाची फाईल नको असते हे मी आतून बघितलंय.

त्याच पत्रात दुसरी मागणी, कर्जखात्याचा पूर्ण उतारा. तुम्ही दिलेले पैसे कुठं जमा झाले ते बघा, मुद्दलात गेले का दंडात. आणि आता दंडव्याज हा प्रकार नाही, दंडशुल्क आहे, त्याच्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. उताऱ्यात तसं दिसलं तर लाल पेनानं गोल करा, ऑफिसची सवय असेलच.

तिसरी मागणी, हप्ता कमी करून मुदत वाढवून द्या. पेन्शनची स्लिप, मुलाची पगाराची स्लिप, औषधांची बिलं जोडा. महिन्याला इतके नक्की देऊ शकतो असा आकडा तुम्हीच लिहा. आकडा नसलेल्या विनंतीवर कुणी काही करत नाही, टेबलावर पडून राहते.

माजी_फिल्डवाला

काका, मी चार वर्षं वसुली एजन्सीत फिल्डला होतो, कोल्हापूर-सांगली रूट. सोडलं आता, टेम्पो चालवतो, झोप चांगली लागते. आतलं सांगतो.

कंपनी फाईल एजन्सीला देते. हप्ता चुकल्यापासून ३० दिवस म्हणजे एक नंबर बकेट, ६० पर्यंत दोन, ९० पर्यंत तीन, मग एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत खातं. जेवढी जुनी बकेट तेवढं कमिशन जास्त आणि तेवढी भाषा खालची. आम्हाला पगार नावापुरता, सगळं कमिशनवर. म्हणून २५ तारखेनंतर आवाज वाढतो, महिनाअखेरीला साहेब ग्रुपवर आकडे टाकून सगळ्यांसमोर आमची काढतो आणि आम्ही ते घेऊन तुमच्या ओसरीवर येतो.

आता मनाला लागेल पण ऐका. फाईलवर कुणी लिहीत नाही पण फिल्डवाल्यांच्यात शेरा असतो, "पेन्शनर, घरीच असतो, इज्जतीला घाबरतो." असल्या घरी आधी जायचं. जो दार उघडत नाही, उलटा बोलतो, त्याच्याकडे पेट्रोल कोण जाळेल? तुम्ही दर वेळी तीन हजार काढून दिले ना, म्हणून तुमच्याकडे यायला परवडतं. त्या तीन हजारानं तुमचा हप्ता पुरा होत नाही, थकबाकी तशीच राहते, पण त्याचा दिवस निघतो. बायका आल्यात, सण आहे, पाहुणे आहेत हे बघूनच वेळ निवडतात, योगायोग नसतो तो. किराणावाल्याला विचारून घेतलं असेल आज घरी काय आहे म्हणून.

रोख एक रुपया पण देऊ नका. अजिबात नाही. भरायचं तर कंपनीच्या लिंकवर नाहीतर शाखेत, पावती तिथल्या तिथं. आणि "१० तारखेला देतो" असं तोंडी कबूल करू नका. ती पीटीपी म्हणून सिस्टीमला चढते, तुम्ही दिलेला शब्द. ११ ला तुटली की त्याला बोलायला कारण मिळतं, तुमची पेन्शन १२ ला पडते हे त्याच्या मोबाईलमध्ये कुठं दिसतंय.

आला की पहिलं ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागा. वसुली एजंटला ट्रेनिंग असतं, परीक्षा देऊन डीआरए सर्टिफिकेट घ्यावं लागतं, आमच्या एजन्सीत नऊ जणांत दोघांकडे होतं. कागद नाही तर नमस्कार, गेटच्या बाहेर. आणि तो शूटिंग घेतो ना, तुम्ही पण घ्या. हे फार चालतं. माझ्यावर एका शाळेतल्या शिपाईमामानं मोबाईल धरला होता, मी अर्ध्या वाक्यात गाडीला किक मारली.

ओसरीवरचे_काका

सगळ्यांचे आभार. फिल्डवाले भाऊ, तुमचं वाचून दोनदा उठून पाणी प्यालो. हिला पण वाचून दाखवलं, ती म्हणाली बघा, मी म्हणत होते ना त्याला कुणीतरी सांगितलं असणार.

रोख दिलेले सगळे मिळून १४ हजार आहेत. ९ हजारांच्या पावत्या आहेत, त्यातली एक नुसत्या वहीच्या कागदावर. ५ हजारांची काहीच नाही, सोमवारी आणून देतो म्हणाला होता.

आता मुख्य भीती तशीच आहे. पेन्शन वळती होईल का, आणि ते कोरे चेक?

काळाकोट

काका, दिवाणी कोर्टात २२ वर्षं झाली, फुकट सल्ला म्हणून कमी किमतीचा समजू नका.

पेन्शनला हात लावता येत नाही. १८७१ चा पेन्शन कायदा आहे, हो, इंग्रजांच्या वेळचा, त्याचं कलम ११ आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०. सरकारी, स्थानिक संस्थेची, अगदी इतर मालकाकडची पेन्शन आणि ग्रॅच्युइटी सुद्धा कर्जाच्या डिक्रीत, म्हणजे कोर्टाच्या वसुली हुकमात, जप्त होत नाही. लोक विचारतात की बँकेत पडल्यावर ते साधे पैसे झाले ना? नाही झाले. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की पेन्शन-ग्रॅच्युइटीचे पैसे मुदत ठेवीत ठेवले म्हणून त्यांचं संरक्षण जात नाही. आणि हे सगळं कोर्टानं डिक्री दिल्यानंतरचं बोलतोय मी. तुमच्या केसमध्ये दावाच नाही अजून. पल्सरवरच्या माणसाला पेन्शन "वळती" करायचा अधिकार म्हणजे मला चंद्रावर सातबारा काढायचा अधिकार.

पण एक फट आहे. तुम्ही स्वतः सही करून ऑटो डेबिट दिलं असेल तर ती तुमची संमती, जप्ती नव्हे. तेव्हा पेन्शनच्या खात्यावर कुठला मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, चालू आहे का ते बँकेत जाऊन बघा. आणि आता वसुलीवाला "सेटलमेंट फॉर्म" म्हणून काही सहीला देईल, त्यात नवा मँडेट घुसडलेला असतो. चष्मा खिशातून काढायचा.

त्याच कलम ६० मध्ये अजून एक ओळ आहे ती काकूंना मुद्दाम वाचून दाखवा. जप्तीतून काय काय वगळलंय तर अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि बाईचा असा दागिना जो धर्माच्या रिवाजाप्रमाणे अंगावरून काढता येत नाही. म्हणजे मंगळसूत्र. कोर्टाचा बेलीफ वॉरंट घेऊन आला तरी ज्याला हात लावू शकत नाही ते मोडा म्हणून तो सांगत होता.

पोलीस. हप्ता थकणं हा गुन्हा नाही, दिवाणी मामला आहे, त्यासाठी कुणी अटक करत नाही. व्हॉट्सॲपवर "अटक वॉरंट" किंवा "लोकअदालतीत हजर न राहिल्यास कारवाई" असलं काही आलं तर घाबरू नका, लोकअदालत तडजोडीसाठी असते, तिथं शिक्षा होत नाही. पण चेकचं वेगळं. तुमचा सही केलेला चेक त्यांनी भरला आणि परत गेला तर चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम १३८ लागू शकतं, आणि बँकेतून जाणारा हप्त्याचा मँडेट परत गेला तर २००७ च्या पेमेंट सिस्टीम कायद्याचं कलम २५ तसंच आहे. म्हणून वकिलाची नोटीस आली तर ती घ्यायची, पोस्टमनला परत पाठवायची नाही. मिळाल्यापासून १५ दिवस असतात, त्या आत माझ्यासारख्या कुणाकडे तरी जा. लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा देणाऱ्या पंचाची, नोटीस आली, कुठल्यातरी लांबच्या शहरातून, तरी तेच. कंपनीनं एकतर्फी नेमलेला लवाद चालत नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये म्हटलंय, पण ती हरकत लेखी घ्यावी लागते, नोटीस माळ्यावर टाकून हरकत नोंदत नाही. निवाडा झाला की मग घर वाचवायला पळापळ. घरावर पाटी बिटी लावायचा प्रश्नच नाही, तारण दिलेलं नाही ना? नाहीच दिसतंय.

ठाण्यात अर्ज द्या. एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतील, धमकीला नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ३५१ आहे. एनसीनं फार काही होत नाही पण अर्जाची पोच कंपनीच्या तक्रारीला जोडली की वजन येतं. वकिलाचे पैसे नसतील तर काकूंच्या नावानं तालुका विधी सेवा समितीत जा, बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही आणि त्या को-ॲप्लिकंट आहेतच.

चुलीपाशी

वाचतेय आणि अंगावर काटा येतोय कारण आमच्या आईच्या बाबतीत असंच झालं, फक्त तिथं पतसंस्था होती. बाबा शिक्षक, स्टाफमधल्या एकाला जामीन राहिले, त्या काळी सगळेच एकमेकांना राहायचे, चहा घेता घेता सही. बाबा गेले, त्या गृहस्थांनी कर्ज भरलं नाही आणि पतसंस्थेची माणसं आईच्या फॅमिली पेन्शनकडे बघायला लागली. दारात ताशा वाजवायला आणले होते. खरंच, ताशा. गल्लीतली पोरं नाचायला जमली होती, त्यांना वाटलं कुणाचं लग्न ठरलं.

हे यासाठी लिहितेय की कुणी पतसंस्थेच्या बाबतीत हा धागा वाचून लोकपालाकडे जाईल आणि वेळ घालवेल, आम्ही घालवला. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाही. तिथं महाराष्ट्राचा १९६० चा सहकार कायदा, कलम १०१ चा वसुली दाखला, तो निबंधक ऑफिसमधून निघतो आणि मग संस्थेचा वसुली अधिकारी जप्तीला येतो. दाखल्याच्या आधी सुनावणीची नोटीस येते, बाबा गेल्यावर आईनं ती कपाटात ठेवून दिली होती कारण पाकिटावर बाबांचं नाव होतं आणि तिला ते फोडवेना. त्या दाखल्याविरुद्ध पुढं कलम १५४ खाली दाद मागायची तर आधी अर्धी रक्कम भरावी लागते. शेवटी आम्ही सहाय्यक निबंधकांना अर्ज दिला की वारसाची जबाबदारी बाबांच्या इस्टेटीतून जेवढं मिळालं तेवढीच, आईच्या स्वतःच्या पेन्शनवर नाही, आणि मूळ कर्जदाराची शेती आहे तिचे उतारे पण आम्हीच काढून जोडले. ताशा थांबला. केस चालू आहे.

काकूंना सांगा ओसरीवर यायचं. आमची आई वर्षभर मागच्या दारानं दूध घ्यायची.

वऱ्हाडी_ठेचा

काका एक गोष्ट सांगतो राजेहो, हप्ता भरायसाठी मोबाईलच्या ॲपवरून लोन नका घेऊ अन पोराले पण घेऊ देऊ नका. माह्या साळ्यानं तेच केलं, एकाचं भरायले दुसरं, दुसऱ्याचं भरायले तिसरं, सहा महिन्यात अकरा ॲप. त्यातल्या एकानं फोटो एडिट करून सगळ्या नातेवाईकाले पाठवले. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच सांगितलं आहे का लोनच्या ॲपनं कॉन्टॅक्ट अन फोटोले हात लावायचा नाही, तरी बोगसवाले लावतेच. तसं झालं तर १९३० या सायबर हेल्पलाईनले फोन करा लगेच. बाकी वकीलसाहेबांनी बरोबर सांगितलं.

रोखठोक_७७

मंगळसूत्राचं वाक्य मी पहिल्यांदा नीट वाचलं नव्हतं. ते चूकच आहे. कर्ज फेडावं या मतावर मी ठाम आहे पण ते चूक.

ओसरीवरचे_काका

सात आठवड्यांनी लिहितोय, मधे बऱ्याच जणांनी निरोपात विचारलं म्हणून.

भाच्याला बसवून ईमेल केला, तोच मजकूर टाईप करून पोस्टानं पण पाठवला, विषय, संदर्भ, सोबत जोडलेली कागदपत्रं असा अगदी ऑफिसच्या साच्यात. किराणावाल्याच्या कॅमेऱ्यात पल्सर सापडली, वेळ ७ वाजून ३४ मिनिटं, नंबर पण दिसतो. तो बिचारा आपणहून म्हणाला की काका मलाच लाज वाटते, आज घरी कार्यक्रम आहे हे मीच बोललो होतो त्यांच्याशी. फिल्डवाले भाऊ, तुमचं तोंड गोड करायला पाहिजे.

ठाण्यात एनसी द्यायला गेलो तर हवालदार म्हणाला काका मिटवून घ्या ना. मी म्हटलं मिटवायलाच आलोय, लिहून घ्या. तासभर बसलो. घेतली.

१८ व्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. दिलगिरी वगैरे नेहमीची भाषा, पण ती एजन्सी काढली आणि शेजाऱ्यांचे, नातेवाइकांचे फोन बंद झाले. उतारा आला, आठ पानी. शाखेतला माणूस, तुम्ही म्हणालात तसं लाल पेन घेऊन बसलो. हप्ता परत गेल्याचे पैसे, वसुलीला घरी आल्याचे पैसे, म्हणजे तो माझ्या ओसरीवर बसून हिला बोलला त्याचं भाडं पण माझ्याच खात्याला लावलेलं! आणि १४ हजारातले ९ जमा, वहीच्या कागदावरचे सुद्धा, ५ गायब. त्याची चौकशी करतो म्हणालेत, अजून करतायत.

शाखेत पोरगा आणि मी दोघं गेलो. त्यांनी आधी एकरकमी सेटलमेंट दाखवलं, आकडा मोहाचा होता, पण त्यासाठी हिच्या दवाखान्याची २ लाखांची ठेव मोडावी लागली असती, नाही म्हटलं. मग मुदतवाढ. मुद्दल साधारण ४ लाख राहिलंय, ६ वर्षं, हप्ता ९,१२४, दंडाची आणि त्या घरी येण्याची रक्कम माफ. पोरगा ६ हजार देणार, वरचे मी. मँडेट त्याच्याच खात्यावर, माझ्या पेन्शनच्या खात्यावर काही नाही, तीनदा वाचून सही केली, तिथल्या मुलीला घाई होती तरी. पाचातले चार चेक परत मिळाले, पाचवा शोधतायत, तो मिळाल्याशिवाय मी पण पत्र पाठवायचं थांबत नाही. कर्ज फिटेल तेव्हा मी ७३ चा असेन.

परवा सकाळी अकराला फोन आला, नवीन माणूस, सर नमस्कार, दोन मिनिटं बोलू का, अगदी अदबीनं. मी अंघोळीला होतो. हिनं उचलला आणि "जे काय असेल ते लिहून पाठवा" म्हणून ठेवून दिला. हे तिला मी सांगितलेलं नव्हतं.

आता ५ हजारांसाठी लोकपालाकडे टाकतोय, ३० दिवस होऊन गेले. फक्त तो कॅमेऱ्याचा व्हिडिओ काही केल्या अपलोड होत नाही, फाईल मोठी आहे म्हणतं. लहान कशी करायची?

माजी_फिल्डवाला

काका, भाच्याला व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवा आणि त्याच्याकडून परत घ्या, आपोआप लहान होतो. गाडीचा नंबर दिसतोय का ते मात्र पाठवायच्या आधी बघा.